आगीनं ओढलेला वारा

चैत लागला की भंडाऱ्यातल्या माझ्या घराच्या खिडक्या दुपारी आपटायला लागतात. मी उठते, कड्या घालते, वाऱ्याला दोन शिव्या हासडते आणि पुन्हा आडवी होते. लोक झुळुकीचं काय कौतुक करतात! झुळूक म्हणे. मला वारा आवडत नाही, स्पष्ट सांगते. शेजारीण हसते, म्हणते, "मॅडम, तुम्ही तं जिंदगीभर वाराच शिकवला ना?" शिकवला, बाई. भूगोलाची मास्तरीण होते, दरवर्षी शिकवला. म्हणूनच सांगते आहे.

हा वारा ओल्या दिवसांचा नाही. ओला वारा एकवेळ परवडला, तो निदान काहीतरी घेऊन येतो. हा चैताचा वारा कोरडा आणि तापट. हमरस्त्यावरून ट्रकांची धूळ उचलतो आणि दोरीवरच्या लुगड्यांवर आणून टाकतो. ओठ फुटतात, डोकं भणभणतं, घराघरांत भांडणं होतात. आणि कुठून तरी पाचोळा जळल्याचा वास आला की मी दार उघडून बाहेर बघून येते. अजून. एवढं वय झालं तरी.

वर्गात मी फळ्यावर एक मोठा गोल काढायची. पृथ्वी सगळीकडे सारखी तापत नाही, हे पहिलं वाक्य. मधल्या पट्ट्यावर ऊन सरळ उतरतं, ध्रुवांकडे तिरपं. जिथं जास्त तापलं तिथली हवा फुगते, हलकी होते, वर निघून जाते. खाली दाब कमी होतो. मग शेजारची थंड, जड हवा त्या जागेकडे धावते. त्या धावण्याला आपण वारा म्हणतो. पृथ्वी फिरते म्हणून तो सरळ न जाता तिरका जातो, ते वेगळं. एकदा मागच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "म्हंजे मॅडम, वारा म्हंजे घुसनंच होय ना?" सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. मी तिला म्हटलं, बस खाली, बरोबर आहे तुझं.

आमचा टोला अड्याळच्या पुढे, तलावाच्या काठी. टोला म्हणजे मूळ गावापासून सुटून बसलेली मूठभर घरं. पश्चिमेला तलाव, मग धानाच्या बांध्या, मग झुडपी जंगलाचा एक पट्टा, मग गाड्यांची पांदण, आणि पांदणीला लागून पहिलं घर आमचं. आमचं म्हणजे आमचं आणि काकाचं. बाबा आणि काका वेगळे निघाले तेव्हा घराच्या मधोमध मातीची भिंत घातली. वर कवेलूचं छप्पर मात्र एकच राहिलं. जमीनही वाटली: तलावालगतची बांधी काकाला, अलीकडची आम्हाला. आणि दोघांच्या मधल्या धुऱ्यावर उभा होता मोहाचा झाड. आमच्याकडे झाड 'तो' असतो आणि बायाही 'मी जातो' म्हणतात, त्याला इलाज नाही.

मोह वाटायचा कसा? म्हाताऱ्यांनी तोड काढली: ज्याच्या बाजूला फूल पडेल ते त्याचं. केवढा शहाणपणा! फुलं गळतात रात्री आणि पहाटे. रात्री जमीन लवकर थंडावते, तलावाचं पाणी दिवसाची ऊब धरून असतं. म्हणून पहाटेची हवा जमिनीवरून तलावाकडे सरकते. अंगाला कळतही नाही इतकी हळू, पण मोहफुलाला तेवढी पुरते. सगळा मोह सरकून काकीच्या वाट्याला पडायचा. दिवसा उलटं होतं, तलावावरून वारा टोल्याकडे येतो, पण तोवर गळायचं काय राहिलेलं असतं? हे सगळं मला पुढं कळलं. तेव्हा फक्त माझी माय धुऱ्यावर उभी राहून ओरडताना दिसायची. "वारा बी तिच्याच बापाचा हाय का?"

माझी माय, देवा! तिच्यासारखी तोंडाळ बाई पंचक्रोशीत नव्हती. आणि तिच्या तोडीला होती एकटी सगुणाकाकी. दोघी जावा. दिवसभर त्या भिंतीच्या अल्याडपल्याड एकमेकींना उद्देशून भांडी आपटत. पण कुणाच्या घरी बाई अडली की काकीलाच बोलावणं. अर्धा टोला तिच्या हातावर जन्माला आला होता, मीसुद्धा. माय म्हणायची, "तिच्या हाताले यश हाय, तोंडाले नाई." काकी थोरल्या जावेला बाई म्हणायची, तिचं उत्तर, "बाईले दोन्ही नाई."

मोह वेचणाऱ्यांचा एक रिवाज आहे. झाडाखालचा पाचोळा जाळून टाकायचा. काळी, स्वच्छ भुई झाली की त्यावर पिवळट फुलं लखलख दिसतात, वेचायला सोपी. पण हे काम उजाडायच्या आत करायचं. तेव्हा हवा निजलेली असते, जाळ जिथं लावाल तिथंच पसरतो, चार फांद्यांनी झोडपला की विझतो. ऊन चढलं, बांधी तापली, की हात लावायचा नाही. हे टोल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मायला तर ठाऊक असणारच. उन्हाळ्यात ती जंगलखात्याच्या जाळरेषेवर मजुरीला जायची. जंगलात जाळरेषा म्हणजे आगीला अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. मी दहावीची परीक्षा देऊन घरी आले होते. हवेच्या दाबावर प्रश्न आला होता आणि मी बाणबिण काढून भरगच्च उत्तर लिहिलं होतं. माझी मोठी बहीण, शांताताई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्या पहाटे तिला कळा सुरू झाल्या. काकी भिंतीपलीकडून आली, पोटावरून हात फिरवला, म्हणाली, "अजून येळ हाय. दुपार होईन." मग दोघी जावा टोपली घेऊन मोहाकडे निघाल्या, अंतर ठेवून. मोह कुणाच्या बाळंतपणासाठी थांबत नाही. फूल पडलं नि उचललं नाही तर गुरं खातात.

ताईचं पाणी गेलं तेव्हा मी काकीला बोलवायला पळाले. झाडाखाली पोचले तर काय बघावं! दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या. काकीची टोपली उपडी, फुलं पायाखाली चिरडून त्यांचा तो गोड, आंबूस, डोक्यात जाणारा वास. मायच्या कपाळाला खोक पडलेली. ऊन कधीचं वर आलं होतं. मी किंचाळले, "काकी, ताईचं पानी गेलं!" काकीनं तिथल्या तिथं हात सोडला. टोपलीकडे बघितलंही नाही. निघताना एवढंच म्हणाली, "बाई, तुया वाटचा मोह तू वाऱ्याले माग. मी तुया पोरीकडे जातो."

हे बोलणं मायला फार लागलं. आजही मला वाटतं, काकीनं एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माय म्हणाली, "जा तुमी, मी आलोच." आम्ही निघालो. आणि तिनं, रागाच्या भरात, आपल्या बाजूचा राहिलेला पाचोळा पेटवला.

आग कशी चालते हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटतं ती जमिनीवरून सरपटत येते. छे! ती उडी मारते. धुऱ्यावरचं वाळकं गवत तडतडलं, तिथून बांधीतली धसकटं, तिथून झुडपी जंगल. तलावावरून वारा सुटलेला आणि त्याच्या जोडीला चैतातला पश्चिमेचा वारा. दोघं मिळून तिला ढकलत टोल्याकडे आणत होते. आम्ही अंगणात पाय टाकला आणि मी मागं वळून पाहिलं, तर धूर टोल्यावर कलंडला होता. भिंतीसारखा धूर, आणि त्याच्या पायाशी लाल रेघ. पळसाची पानं जळत जळत हवेतून येत होती आणि अंगणात पडत होती.

मग जो कल्लोळ झाला! बाया धान्याची पोती ओढू लागल्या. बैल दावी तोडून उधळले, एकानं आमचा न्हाणीचा कूड पाडला. घाबरून लोकांनी चुलींवर पाणी ओतलं. पुरुष पळसाच्या फांद्या घेऊन धावले आणि भुवया जाळून परत आले. विहिरीत चिखल होता. बाबा ओरडले, "खाट उचला! पोरीले खाटेसकट बाहेर काढा!"

काकी दारात येऊन उभी राहिली. एका हातात विळा. दुसरा हात कोपरापर्यंत ओला, लाल.

"भाऊजी, आत कोनी याचं नाई."

"सगुना, आग येऊन रायली! घर जाईन!"

"जाऊ द्या घर. पायाळू हाय, पाय आला बाहेर. आता हिले हलवलं तं दोन्ही जीव जातीन. खाटेले हात लावला तं मनगट तोडीन मी, सांगून ठेवतो."

काका, तिचा स्वतःचा नवरा, पुढं झाला. "सगुने, तू तं निंघ बाहेर!" काकीनं त्याच्यावर विळा उगारला. तो मागं सरला. ती आत गेली आणि दाराला आतून अडणा लावला. आतून ताईचा आवाज येत होता. तो मी लिहीत नाही.

म्हणजे आता सगळं एवढ्यावर आलं: आग पांदणीच्या अलीकडे येता कामा नये. छपराचे वासे साठ उन्हाळे वाळलेले आणि घरामागे वर्षाचा तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग.

आणि तेवढ्यात माय आली. झुडपातून, आगीच्या कडेकडेनं पळत. एका बाजूचे केस जळून गेलेले, तोंड काळं, लुगड्याला भोकं. तिला बघताच टोल्याचा राग फुटला. "हिनंच लावली! हिनंच!" कुणीतरी ढेकूळ मारलं. बाबांनी, माझ्या बाबांनी, ज्यांचा आवाजही घरात कधी चढला नव्हता, त्यांनी तिच्या पाठीत लाथ घातली. ती पांदणीत पालथी पडली. उठली. माझ्या आयुष्यात मी तिला पहिल्यांदा गप्प बघत होते. तिनं कुडाची काठी उपसली, टोकाला तणस गुंडाळलं आणि म्हणाली, "समोरून लावा लागते. आगीले आगच अडवते."

हे सगळ्यांना माहीत होतं. जंगलकाठचे लोक आम्ही. मोठ्या आगीच्या तोंडासमोर आपण दुसरी आग लावायची, मधलं गवत तिनं खाऊन टाकायचं, म्हणजे मोठीला चारा उरत नाही. पण जिनं पहिली लावली तिच्या हाती दुसरी द्यायची? काकानं तिला ढकललं, स्वतः पांदणीच्या कडेचं गवत पेटवलं. लवकर पेटवलं. वारा अजून टोल्याकडेच होता. ती नवी आग तशीच वळून पांदण ओलांडून आमच्यावर आली आणि बघता बघता तणसाचा ढीग भडकला. पोरं, बाया, म्हातारे ओल्या पोत्यांनी, चिखलानं, हातांनी तो जाळ बडवत होते. काकाचे हात सोलून निघाले. छपराच्या कडेचे दोन वासे धुमसायला लागले, ते कुऱ्हाडीनं तोडून पाडले.

इथं मी नेहमी थांबते. सांगतानाही थांबते. मे महिन्यात आमचा हा सगळा मुलूख तव्यासारखा तापतो, दगड हातात धरवत नाही, चिमण्या पडून मरतात, आणि लोक म्हणतात काय हा कहर. पण त्या तापण्यानंच इथली हवा वर जाते, इथं पोकळी होते, आणि तिकडं लांब समुद्रावरची जड, गार हवा जागची हलते आणि आमच्याकडे निघते. तापलेला मुलूख तिला ओढून घेतो. तो तापलाच नसता तर ती निघाली नसती. हे मी शेकडो पोरींना सांगितलं, नकाशावर बाण काढून. त्यांनी पाठ केलं, मार्क मिळवले, लग्नं करून गेल्या. मला मात्र दर वेळी बाण काढताना ती पांदण दिसायची. मोठी आगही तेच करते. ती एवढी तापते की तिच्या डोक्यावरची हवा वर उसळते, आणि खाली ती चारी बाजूंनी हवा ओढायला लागते. समोरूनसुद्धा. पाठीमागून कितीही वारा असू दे, ती फार जवळ आली की तिच्या तोंडापुढची जमिनीलगतची हवा उलटी फिरते, तिच्याकडेच जाते. पण ती जवळ आल्यावर. अगदी जवळ आल्यावर. तोवर उभं राहायचं.

माय उभी राहिली. पांदणीच्या कडेला, आगीकडे तोंड करून, हातात पेटतं तणस उंच धरून. पदर मागं, टोल्याकडे फडफडत होता. आगीचा आवाज एवढा मोठा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. बाबा तिच्या कानाशी ओरडत होते, "लाव! लाव म्हनतो ना!"

"नाई."

"अवं पोरगी मरन आतमंदी!"

"नाई म्हनलं ना! वारा फिरू द्या!"

कुणीतरी मागून तिच्या खांद्यावर लाठी घातली. तिचा हात खाली आला, तिनं तणस दुसऱ्या हातात घेतलं. मी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होते आणि माझा चेहरा भाजत होता. तिच्या चेहऱ्याचं काय होत असेल? झुडपांतून ससे, घोरपडी, साप बाहेर पडून आमच्या पायांमधून पळत होते आणि कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. मी माझ्या आईचा त्या क्षणी द्वेष केला. खरं सांगते. मला वाटलं, हिला घरच जाळायचं आहे. मला वाटलं, ही काकीला जाळते आहे.

आणि मग तिचा पदर खाली पडला.

एकदम, लोंबत, पायाशी. वारा थांबला होता. धूर सरळ उभा राहिला. माझ्या कानांत दडे बसले. आणि बघता बघता तोच पदर हलला, उचलला गेला आणि पुढं, आगीकडे, ताठ उडायला लागला. माझी वेणी खांद्यावरून पुढं गेली. अंगणातला पाचोळा आमच्या पायांमधून आगीच्या दिशेनं धावायला लागला.

"आता!" माय किंचाळली आणि वाकून पळत सुटली. पांदणीच्या कडेनं गवताला जाळ लावत, वाकलेलीच. तिच्या मागं बाबा, काका, सगळे, मिळेल ते पेटवून. आणि ती नवी आग आमच्याकडे वळली नाही. गेली. मोठ्या आगीकडे धावत गेली, जणू तिनं हाक मारली होती. दोन्ही आगी झुडपात भिडल्या तेव्हा जो जाळ उठला तो पळसांच्या वर, आंब्यांच्या वर गेला, आणि असा काही आवाज झाला की माझ्या छातीत धक्का बसला. मग जाळायला काही उरलं नाही. जाळ खाली आला. काळी भुई, उभे कोळसे, आणि खूप धूर.

कुणी आनंद केला नाही. लोक जिथं होते तिथं बसले. कुणी ओकत होतं. टोल्यातला एक म्हातारा उठला आणि मायसमोर उभा राहून म्हणाला, "आता बाहेर निंघाली पोर मेलेली, तं तुले याच राखेत गाडीन." कुणी त्याला अडवलं नाही. बाबांनीही नाही. मायनं मान हलवली, जशी कुणी रास्त गोष्टीला हलवतं.

आता सगळे दाराकडे बघत होते. आतून काही आवाज नव्हता. ताईचाही नाही. हे सगळ्यांत वाईट होतं. आग होती तेव्हा निदान काहीतरी करता येत होतं.

अडणा निघाल्याचा आवाज आला. काकी बाहेर आली. डोळे धुरानं सुजलेले, लुगडं रक्तानं भरलेलं, हात रिकामे. ती कुणाकडे न बघता सरळ अंगण ओलांडून मायपाशी गेली. माय उठून उभी राहिली.

काकीनं तिच्या थोबाडीत दिली. अशी दिली की माय तोल जाऊन राखेत बसली.

"जिवंत हायेत," काकी म्हणाली. "दोघीबी. पोरगी झाली. पायाळू. ऐकू येते का, बाई? तुले नात झाली."

तेव्हाच आतून बाळ रडलं. बारीक, चिडकं. मी धावत दारापर्यंत गेले आणि तिथंच भिंतीला टेकून रडायला लागले. मागं वळून पाहिलं तर माय अजून खालीच होती. गालावर पाच बोटं, ओठातून रक्त. ती काकीकडे बघून म्हणाली, "सगुने, आनखी एक हान."

काकीनं हात लुगड्याला पुसले. म्हणाली, "हात दुखून रायला माहा. उठ. पोरीले शेकाले गरम पानी पायजे."

तिनं मायला दंडाला धरून उठवलं. दोघी घरात आल्या. चुलीत ओली राख होती. मायनं ती उपसली, पातेलं धुतलं, पाणी भरलं, सरपण रचलं. सगळं तिनं केलं, भराभर, नेहमीसारखं. मग हात मांडीवर ठेवून चुलीसमोर नुसती बसून राहिली. मी म्हटलं, "माय, ताई कुडकुडून रायली, लौकर कर ना." तिनं न बघताच काडेपेटी माझ्याकडे सरकवली.

म्हणाली, "पेटव वो बाई, तूच. माहा हात नाई होत."